दिवा विझतो, नोंद उरते

सोमवारी सकाळी ऑफिसच्या वाटेवर मीटरमध्ये एक पिवळा दिवा लागतो. इंजिनाच्या आकाराचं छोटं चित्र. गाडी नेहमीसारखीच पळते. वेगळा आवाज नाही, धूर नाही, पिकअपही कमी झालेला नाही. शनिवारी गॅरेज गाठायचं ठरतं आणि शुक्रवारी दिवा आपला आपणच विझतो. मेकॅनिक बॉनेट उघडतो, दोनदा रेस देऊन बघतो आणि म्हणतो, "आत्ता तर सगळं ठीक आहे, परत लागला की या." पंधरवड्याने दिवा परत लागतो. या खेपेला स्कॅनर लावतात, कोड पुसतात, एक सेन्सर बदलतात, बिल होतं. महिन्याभराने मीटरमध्ये पुन्हा तेच चित्र.

अशा गाडीबद्दल मालक आणि मेकॅनिक या दोघांचं शेवटी एकमत होतं, की दिवाच लहरी आहे. खरं तर गाडीतल्या फार थोड्या गोष्टी या दिव्याइतक्या शिस्तीच्या असतात. तो केव्हा लागावा, कधी लुकलुकावा आणि केव्हा विझावा, याचे नियम ठरलेले आहेत आणि त्यातले बरेचसे आकड्यांत लिहिलेले आहेत. दिवा विझला तरी बिघाडाची नोंद ईसीएममध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, बराच काळ राहते. मधूनच येणाऱ्या बिघाडाचा माग या नोंदीवरूनच लागतो. ती न वाचता पुसून टाकणं हे अशा कामातलं सगळ्यात मोठं नुकसान.

धुरक्यापायी आलेला दिवा

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारं दाट धुरकं उतरलं. युद्धाचे दिवस होते. जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी शंकाही काहींना आली. या धुरक्याचं मूळ पुढे १९५० च्या दशकात आरी हागेन-स्मिट या डच वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने उलगडलं. कॅलटेकमध्ये ते अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते. त्याच पद्धतीने त्यांनी शहराची हवा तपासली. गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरातली हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की धुरकं तयार होतं, हे त्यांनी दाखवून दिलं. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात हवेच्या प्रदूषणावर लक्ष ठेवणारं मंडळ स्थापन झालं, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष हेच हागेन-स्मिट झाले.

या मंडळापुढे लवकरच एक अवघड प्रश्न आला. नवी गाडी चाचणीत पास होते, पण पाच वर्षांनी तिची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काम करते की नाही हे कळणार कसं? चालकाला तर काहीच जाणवत नाही. तेव्हा गाडीनेच स्वतःची तपासणी करावी आणि दोष सापडला तर दिवा लावावा, असा नियम आला. कॅलिफोर्नियात १९८८ च्या मॉडेलपासून त्याची पहिली आवृत्ती लागू झाली. प्रत्येक कंपनीचे कोड, सॉकेट आणि वाचायच्या रीती वेगळ्या असत. जनरल मोटर्सच्या गाड्यांत तर सॉकेटमधल्या दोन टोकांना तारेने जोडायचं आणि मीटरमधला दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. एकदा लुकलुकून थोडं थांबला आणि मग दोनदा लुकलुकला, तर तो कोड बारा.

दुसऱ्या आवृत्तीने हा गोंधळ संपवला. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींना ही आवृत्ती, म्हणजे ओबीडी-२, सक्तीची झाली: सोळा पिनांचं एकाच आकाराचं सॉकेट, तेही स्टिअरिंगच्या जवळपास, आणि सगळ्यांसाठी समान कोड. युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी २००१ च्या सुमारास तसाच नियम आला. भारतात भारत स्टेज-४ च्या गाड्यांना १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ लागू झालं. १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज-६ आलं आणि अटी आणखी कडक झाल्या. पुण्यातली 'एआरएआय' ही संस्था नव्या मॉडेलच्या प्रमाणपत्रासाठी ज्या चाचण्या घेते, त्यांत ही स्वतःची तपासणीही येते. मुद्दाम बिघाड घडवून दिवा लागतो की नाही ते बघितलं जातं.

म्हणजे हा दिवा मुळात इंजिनाच्या तब्येतीचा नाही, धुराचा आहे. गाडी झकास चालत असतानाही तो का लागतो, याचं उत्तर इथे सापडतं. अमेरिकेच्या नियमांत बहुतेक तपासण्यांसाठी साधारण दीडपट हा आकडा धरलेला आहे: एखाद्या दोषामुळे उत्सर्जन ठरलेल्या मर्यादेच्या दीडपट होऊ शकत असेल, तर दिवा लागलाच पाहिजे. दीडपट वाढलेला धूर चालकाच्या पायाला किंवा कानाला कळत नाही.

लागण्या-विझण्याचे नियम

ईसीएम एका चुकीवर लगेच दिवा लावत नाही. बहुतेक तपासण्यांत पहिल्या फेरीला दोष दिसला तर तो 'पेंडिंग' म्हणून लिहिला जातो. फेरी म्हणजे इंजिन सुरू करणं, ती तपासणी पूर्ण होईल इतकं चालवणं आणि बंद करणं. पुढच्या फेरीतही तोच दोष दिसला की कोड पक्का होतो आणि दिवा लागतो. काही गाड्यांत त्यासाठी तीन फेऱ्या लागतात. उलट, लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही तर दिवा विझतो. कोड मात्र राहतो. तो आपोआप पुसला जायला इंजिन चाळीस वेळा थंडाचं गरम व्हावं लागतं, आणि या 'गरम होण्या'चीही व्याख्या आहे: कूलंटचं तापमान किमान २२ अंशांनी वाढून ७० अंश सेल्सिअसपर्यंत पोचलं पाहिजे.

आता सोमवार ते शुक्रवारचं गणित सुटतं. रविवारी आणि सोमवारी दोष दिसला, म्हणून दिवा लागला. मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस तो दिसला नाही, म्हणून शुक्रवारी चावी फिरवल्यावर दिवा लागला नाही. बिघाड बरा झाला असं यातून सिद्ध होत नाही. तीन दिवस तो घडण्यासारखी परिस्थिती आली नाही, एवढंच.

मिसिंग (सिलिंडरमध्ये इंधन न पेटणं) आणि इंधनाच्या प्रमाणातले दोष यांना तर आणखी एक अट आहे. दिवा विझवण्याआधी ईसीएम त्याच परिस्थितीची वाट बघतो: इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे मूळ नोंदीच्या ३७५ च्या आतबाहेर, लोड वीस टक्क्यांच्या आतबाहेर आणि इंजिन तितकंच थंड किंवा गरम. खंडाळ्याच्या चढावर लागलेला दिवा शहरातल्या सिग्नल-टू-सिग्नल चालण्यात विझेलच असं नाही, ते यामुळे.

दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. इतकं मिसिंग होतंय की न जळलेलं पेट्रोल थेट धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय, असा त्याचा अर्थ. ते तिथे जळतं, कन्व्हर्टर भयंकर तापतो आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंमुळे हा भाग गाडीतल्या सगळ्यात महागांपैकी एक असतो. लुकलुकणारा दिवा दिसला की ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करावा आणि सुरक्षित जागा बघून थांबावं. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर बेताने घरी किंवा गॅरेजपर्यंत जाता येतं. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर मात्र इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं.

कोड हा पत्ता, निकाल नव्हे

स्कॅनर लावल्यावर पाच अक्षरांचा कोड येतो, उदाहरणार्थ पी०३०३. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा गट. बॉडीसाठी 'बी', चासीसाठी 'सी', संगणकांच्या आपसातल्या संपर्कासाठी 'यू'. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड; तिथे एक असेल तर कोड त्या कंपनीचा स्वतःचा. त्यापुढचा तीन म्हणजे इग्निशन आणि मिसिंग. शेवटचे दोन अंक नेमका दोष सांगतात. पी०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग.

इथेच घाई होते. पी०१३५ आला, ऑक्सिजन सेन्सर बदलला. पी०४२० आला, कन्व्हर्टर बदलायचा सल्ला दिला. पण कोडमध्ये भागाचं नाव नसतं; कुठली तपासणी नापास झाली तेवढंच त्यात असतं. पी०१३५ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष. त्या सर्किटमध्ये हीटर आहे, फ्यूज आहे, दोन वायरी आहेत, कपलर आहे आणि ईसीएमही आहे. फ्यूज उडाला असेल तर नवा सेन्सर घालूनही दिवा लागणारच.

कोडबरोबर आणखी एक नोंद असते आणि बऱ्याचदा ती कोणी उघडतच नाही. तिला 'फ्रीझ फ्रेम' म्हणतात. दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती, वेग किती, कूलंट किती तापलेलं, लोड किती, इंधनाची दुरुस्ती किती, हे सगळं तिच्यात गोठवून ठेवलेलं असतं. मेकॅनिकसमोर कधीच न घडणाऱ्या बिघाडाचा हा एकमेव साक्षीदार. स्कॅनरवरचं 'इरेज'चं बटण दाबलं की कोडबरोबर हीही नोंद जाते. म्हणून कोड पुसायच्या आधी दोन्हींचा फोटो काढून ठेवणं हे या सगळ्या कामातलं पहिलं पाऊल.

तिसरा सिलिंडर

समजा पी०३०३ आला आहे आणि फ्रीझ फ्रेममध्ये दिसतं: कूलंट ४२ अंश, फेरे १,६५०, वेग ३० किलोमीटर, लोड बराच जास्त. म्हणजे सकाळी निघाल्यावर पहिल्या काही मिनिटांत, इंजिन अजून थंड असताना, चढावर किंवा जोर देताना हे घडलं. मालकाला विचारलं तर तो सांगतो, की दिवा पावसातच लागतो.

ईसीएमला हे मिसिंग कळतं कसं, तेही बघण्यासारखं आहे. क्रँकशाफ्टवर दातेरी चक्र असतं. अनेक गाड्यांत त्याला ५८ दात आणि दोन दातांएवढी मोकळी जागा असते. शेजारचा सेन्सर प्रत्येक दात पुढे सरकायला लागलेला वेळ मोजतो. बंद पडलेली गाडी चौघे ढकलत असताना एकाचा हात निसटला तर जसा हिसका बसतो, तसा एका सिलिंडरमध्ये इंधन जळलं नाही की क्रँकशाफ्टचा वेग किंचित पडतो. चार सिलिंडरचं इंजिन ३,००० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला शंभर वेळा इंधन पेटतं, आणि त्यातली नेमकी कुठली खेप वाया गेली ते ईसीएमला यावरून ओळखता येतं. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांतून येणारे धक्केही क्रँकशाफ्टपर्यंत पोचतात. त्यांना मिसिंग समजू नये म्हणून बऱ्याच गाड्या एबीएसच्या चाकांवरच्या सेन्सरांची मदत घेऊन तेवढ्यापुरती ही तपासणी थांबवतात.

थंड इंजिन, ओली हवा आणि जोर, ही तिन्ही कारणं इग्निशनकडे बोट दाखवतात. जोर देताना सिलिंडरमधला दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगला हे व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉईलच्या रबरी नळीला बारीक तडा असेल किंवा आत ओल आली असेल, तर ते व्होल्टेज सोपी वाट शोधतं आणि बाहेरच्या धातूकडे उडी मारतं. इंजिन गरम होऊन ओल उडाली की सगळं सुरळीत.

ही शंका पैसे न खर्चता तपासता येते. तिसऱ्या सिलिंडरची कॉईल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावायची, गाडी नेहमीसारखी चालवायची. पुढचा कोड पी०३०१ आला तर दोष कॉईलबरोबर सरकला, म्हणजे कॉईल बदलायची. पी०३०३ च राहिला तर कॉईल निर्दोष. मग तसाच प्लग सरकवून बघायचा, त्यानंतर इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन. एका वेळी एकच बदल केला तरच उत्तर मिळतं. प्लग, कॉईल आणि इंजेक्टर तिन्ही एकदम बदलले तर कदाचित दिवा जाईल, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि दोन चांगले भाग भंगारात जातील.

हवा, पेट्रोल आणि गॅस

मधूनच दिसणारा दुसरा नेहमीचा कोड म्हणजे पी०१७१: मिश्रणात इंधन कमी, हवा जास्त. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि ईसीएम इंधन थोडं वाढवत किंवा कमी करत राहतो. या दुरुस्तीला 'फ्युएल ट्रिम' म्हणतात आणि स्कॅनरवर ती टक्क्यांत दिसते. शून्याच्या आसपास असेल तर उत्तम. अधिक दहाच्या वर राहू लागली तर कुठेतरी काहीतरी बिनसलंय. बऱ्याच गाड्यांत एकूण दुरुस्ती अधिक पंचवीसच्या आसपास गेली की कोड येतो.

ट्रिम कधी वाढते, यावरून दोष ओळखता येतो. हवेचं वजन मोजणारा एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत आयडलिंगला ट्रिम खूप वाढलेली आणि २,५०० फेऱ्यांवर जवळपास नीट असेल, तर सेन्सरच्या पुढे कुठेतरी न मोजलेली हवा आत शिरते आहे: तडकलेला पाइप, सुटलेली व्हॅक्यूमची नळी, सुकलेलं गॅस्केट. आयडलिंगला इंजिन फार थोडी हवा घेतं, त्यामुळे गळतीचा वाटा मोठा ठरतो. रेस दिल्यावर तो किरकोळ होतो. याउलट आयडलिंगला नीट आणि जोरात चालवताना ट्रिम वाढत असेल, तर इंधनच पुरेसं पोचत नाही. पंप किंवा फिल्टर बघायचा. अनेक लहान गाड्यांत मात्र एअरफ्लो सेन्सर नसतो, इनटेकमधला दाब मोजून हवेचा अंदाज घेतात. तिथे आत शिरलेली जादा हवा दाबातच मोजली जाते, त्यामुळे ट्रिम फारशी हलत नाही, पण आयडलिंग चढं राहतं. गाडी कुठल्या पद्धतीची आहे हे माहीत नसेल तर हे आकडे दिशाभूल करतात.

भारतात या गणितात आणखी एक गोष्ट मिसळली आहे: पेट्रोलमधलं इथेनॉल. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते. वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला १४.७ ऐवजी साधारण १३.५ भाग हवा पुरते. दहा टक्क्यांच्या पेट्रोलसाठी हा आकडा १४.१ च्या आसपास. म्हणजे दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर जाताना ईसीएमला सुमारे चार टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. निरोगी गाडी हा फरक सहज सांभाळते. पण जिची ट्रिम जुन्या गळतीमुळे आधीच काठावर होती, तिचा दिवा टाकी भरल्यानंतर लागू शकतो, आणि मग गळतीऐवजी सगळा दोष पेट्रोलवर जातो.

सीएनजीचं किट बाहेरून बसवलेल्या गाड्यांत वेगळी गंमत होते. गॅसचं प्रमाण नीट जुळवलेलं नसेल तर गॅसवर चालताना पेट्रोलचा ईसीएम आपली ट्रिम बदलत जातो. मग गाडी पेट्रोलवर आली की ती दुरुस्ती चुकीची ठरते. सीएनजी पेटवायला ठिणगीही जास्त जोमदार लागते, त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि गॅसवर मिसिंग करतो. अशा गाडीचा दिवा लागल्यावर पहिला प्रश्न हाच, की तेव्हा गाडी कशावर चालली होती?

वायर, कपलर आणि उंदीर

कोड कुठलाही असो, दोष येत-जात असेल तर भाग बदलण्याआधी त्याच्याकडे जाणारी वायर बघावी. पूर्ण मेलेला सेन्सर सहसा मेलेलाच राहतो. चालू-बंद होतो तो संपर्क. कपलरमधली पिन सैल होते; इंजिनाच्या थरथरीने पिनेवरचा कथिलाचा मुलामा घासून त्यावर ऑक्साइडचा थर चढतो; वायर कुठल्यातरी पत्र्याच्या कडेला घासून सोलली जाते; अर्थची वायर जिथे बॉडीला बोल्टने धरलेली असते तिथे गंज चढतो. कोकणात आणि गोव्यात खारी, दमट हवा हे काम लवकर करते. पावसाळ्यात बॉनेटखाली उबेला आलेले उंदीर वायरी कुरतडतात, आणि अर्धवट कुरतडलेली वायर पूर्ण तुटलेलीपेक्षा जास्त छळते.

अशी वायर मल्टिमीटरला फसवते. वीस तारांच्या वायरीतली एकच तार शाबूत असली तरी मीटर शून्य ओहम दाखवतो, कारण तो तिच्यातून नाममात्र करंट सोडतो. इंधनाच्या पंपाला सहा अँपिअर लागत असतील आणि वाटेत अर्ध्या ओहमचा अडथळा असेल, तर तीन व्होल्ट तिथेच खर्च होतात. बारापैकी नऊच पंपाला मिळतात. म्हणून जाणते ऑटो-इलेक्ट्रिशियन वायर सुटी करून ओहम मोजत बसत नाहीत. सर्किट चालू ठेवून वायरीच्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक मोजतात, किंवा तिच्यावर बल्ब लावून तो पूर्ण पेटतो का ते बघतात.

मग येतं हलवून बघणं. इंजिन चालू, स्कॅनरवर त्या सेन्सरचा आलेख समोर, आणि एका हाताने हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, थोडा थोडा करत हलवत जायचा. आलेखाने जिथे उडी मारली तिथे दोष. उष्णतेने येणाऱ्या दोषासाठी हॉट एअर गन वापरतात. गाडी तापल्यावर बंद पडते आणि वीस मिनिटं थांबल्यावर सुरू होते, हे क्रँक सेन्सरच्या बिघाडाचं ओळखीचं लक्षण. सेन्सरच्या आतल्या बारीक तारेतली भेग तापल्यावर रुंदावते आणि निवल्यावर जुळते. असा सेन्सर थंड असताना कितीही तपासला तरी पास होतो; तापवल्यावर पकडला जातो.

संपर्काचा दोष किती सूक्ष्म असू शकतो, याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी २००९-१० मध्ये आल्यावर तिथल्या वाहतूक खात्याने 'नासा'च्या अभियंत्यांना तपासाला बोलावलं. त्यांनी २ लाख ८० हजारांहून अधिक ओळींची संगणक प्रणाली तपासली. धोकादायक वेग निर्माण करील असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना आढळला नाही, असं फेब्रुवारी २०११ च्या अहवालात म्हटलं आहे. पण तक्रार असलेल्या एका गाडीच्या ॲक्सिलरेटरच्या पेडलमध्ये त्यांना दुसरंच काही सापडलं. पेडलच्या दोन सेन्सरांमध्ये कथिलाचा एक सूक्ष्म तंतू आपोआप वाढला होता आणि त्याने दोघांना २४८ ओहमच्या जोडणीने एकत्र आणलं होतं. शुद्ध कथिलाच्या मुलाम्यातून असे तंतू उगवतात, हे धातुशास्त्राला कित्येक दशकं माहीत होतं. या गाडीने त्या दोषाचा कोड नोंदवला होता. त्या नोंदीच्या आधाराने पेडल उघडल्यावरच तंतू दिसला.

महागडे अंदाज

पी०४२० इतका चुकीचा खर्च क्वचितच दुसरा कोड करायला लावत असेल. कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतर असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. नेहमीच्या प्रकारच्या पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वरखाली होतं. कन्व्हर्टर चांगला असेल तर मागच्याचं बऱ्यापैकी स्थिर राहतं, कारण मधला ऑक्सिजन कन्व्हर्टर साठवतो आणि सोडतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला की पी०४२०. पण सायलेन्सरच्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जात असेल तरीही मागचा सेन्सर फसतो. आणि कन्व्हर्टर खरोखर गेला असेल, तर तो कशाने गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवला की जुनं मिसिंग किंवा जळणारं ऑइल त्याचीही तीच गत करतं.

पी०१२८ म्हणजे इंजिन ठरलेल्या वेळात तापत नाही. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा, ही आपल्याकडच्या गॅरेजांची जुनी रीत. कार्ब्युरेटरच्या काळात ती खपून गेली. आजचा ईसीएम किती मिनिटांत किती तापमान यायला हवं याचा हिशेब ठेवतो, त्यामुळे अशा गाडीचा दिवा हिवाळ्यात लागतो आणि एप्रिलमध्ये विझतो. इंजिन थंड राहिल्यामुळे पेट्रोलही जास्त जातं.

कमजोर बॅटरी तर एकाच वेळी पाच-सहा असंबद्ध कोड आणते. स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार खाली गेलं की छोटे संगणक क्षणभर बंद पडतात आणि एकमेकांशी संपर्क तुटल्याची तक्रार नोंदवतात. उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५, हे आधी बघून घेतलं तर अर्धा दिवस वाचतो.

मालकाने काय करायचं

मेकॅनिकला न दिसणारी परिस्थिती मालक रोज बघत असतो. दिवा लागला तो दिवस, इंजिन थंड होतं की गरम, पाऊस होता का, एसी चालू होता का, गाडी पेट्रोलवर होती की गॅसवर, चढ होता की सपाट रस्ता, आदल्या दिवशी टाकी भरली होती का, बॉनेट उघडून काही काम झालं होतं का. चार-पाच वेळच्या अशा टिपणांत सहसा काहीतरी सारखं निघतं, आणि फ्रीझ फ्रेमबरोबर ते ठेवलं की शोधाची जागा बरीच आकसते. बॅटरीची वायर काढून दिवा घालवण्याचा उपाय टाळावा. बऱ्याच गाड्यांत त्याने नोंदीही जातात.

दुरुस्ती झाल्यावर दिवा दिसत नाही, एवढ्यावर विसंबून चालत नाही. कोड पुसल्यावर ईसीएमच्या सगळ्या तपासण्या 'अपूर्ण' होतात आणि गाडी वेगवेगळ्या परिस्थितीत चालल्यावर एकेक करून पूर्ण होतात. दोष ज्या परिस्थितीत आला होता तशीच गाडी चालवायची, मग स्कॅनरवर तीन गोष्टी बघायच्या: संबंधित तपासणी पूर्ण झाली आहे, पेंडिंगमध्ये काही नाही आणि ट्रिम शून्याजवळ आहे. तेव्हाच बिल चुकतं करायला हरकत नाही.

हेच ज्ञान जुनी गाडी घेणाऱ्याच्याही कामी येतं. विकण्याआधी कोड पुसून दिवा घालवलेली गाडी मीटरवरून ओळखता येत नाही, पण ईसीएममध्ये बहुधा दोन आकडे असतात: कोड पुसल्यापासून इंजिन किती वेळा तापलं आणि गाडी किती किलोमीटर चालली. काही शे रुपयांच्या ब्लूटूथ अडॅप्टरने ते मोबाइलवर वाचता येतात. पन्नास हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत हा आकडा बारा किलोमीटर दिसला आणि निम्म्या तपासण्या अजून अपूर्ण असल्या, तर व्यवहार आठवडाभर पुढे ढकलून, गाडी दीडदोनशे किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅनर लावण्याची अट विकणाऱ्यापुढे ठेवावी.